लोंबतं ओझं जास्त ओढतं : जड लेन्स घेऊन रानात चालताना

राधानगरी अभयारण्यात दाजीपूरच्या बाजूला एका सड्यावर (उघड्या कातळावर) पहाटे साडेपाचला चढायला लागलो होतो. धनेश पक्ष्यांची जोडी दिसली, उजेड छान मिळाला, मनासारखे फोटो झाले. साडेदहाला खाली वाडीत उतरून चहाला बसलो आणि मला ग्लास धरता येईना. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली होती, पकडीत जोर नव्हता. पाच तास कॅमेरा आणि लेन्स उजव्या खांद्यावरच्या एका पट्ट्यावर लटकत होती, एवढंच कारण.

वाट दाखवायला आलेले मामा समोर बसले होते. त्यांनी माझा हात बघितला, पट्टा बघितला आणि म्हणाले, "ताई, वझं अंगाला लावून घ्यावं. तुमचं लोंबतंय, म्हणून वडतंय."

जड सामान वाहण्याचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. नंतर मी बॅगा बदलल्या, डॉक्टरांना भेटले, सामानाचं वजन केलं, घरी बैठका घातल्या, आणि दरवेळी मामांच्या त्याच बोलण्यापाशी येऊन थांबले. कोल्हापुरात हल्ली कळंब्याच्या तळ्यावर, रंकाळ्यावर, मसाई पठारावर मोठ्या लेन्स घेतलेली कितीतरी तरुण मुलं-मुली दिसतात. लेन्स कुठली घ्यावी यावर तासन्‌तास बोलणं होतं, पण ती अंगावर कशी घ्यावी यावर कुणी बोलत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी काट्यावर ठेवा

आपण किती वजन उचलतो हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. लेन्सचं वजन पाठ असतं, बाकीचं कुणी मोजत नाही. मी एकदा सगळं सामान घरच्या वजनकाट्यावर ठेवलं. निकॉन डी ८५० बॅटरीसकट साधारण १ किलो. २००-५०० मिलिमीटरची लेन्स, ट्रायपॉडवर बसवायच्या खालच्या पायासकट २.३ किलो. कार्बनचा ट्रायपॉड १.८ किलो, त्यावरचं गिंबल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून फिरवता येणारी बैठक, १.४ किलो. दुर्बीण साडेसहाशे ग्रॅम. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, त्यात सूट नाही. डबा अर्धा किलो. बॅटऱ्या, टॉर्च, रेनकोट, औषधं मिळून सातशे ग्रॅम. आणि जिचं वजन कुणीच धरत नाही ती रिकामी बॅग, २.२ किलो. बेरीज साडेबारा किलोच्या वर गेली. माझं स्वतःचं वजन ५८ किलो. म्हणजे मी माझ्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घेऊन चढत होते.

डोंगरात चालणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा असतो: दिवसभराच्या फेरीला ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावं आणि मुक्कामाच्या ट्रेकलाही पाचव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ नये. हा कायदा नाही. तालमीत तयार झालेल्या अंगाला जास्त झेपेल, गुडघा दुखत असेल तर कमी. पण काट्यावरचा आकडा आणि हा हिशेब शेजारी-शेजारी ठेवला की काय घरी ठेवायचं ते आपोआप सुचतं. मी गिंबल हेड घरी ठेवते. पायी चालायचं असेल त्या दिवशी ट्रायपॉडऐवजी एका पायाचा मोनोपॉड घेते. तेवढ्यानं तीन किलोच्या आसपास ओझं उतरलं.

लेन्स निवडतानाही हा आकडा डोळ्यासमोर असावा. ६०० मिलिमीटर एफ-४ची कॅननची तिसरी आवृत्ती ३.०५ किलोची आहे, तिच्या आधीची ३.९२ किलोची होती. निकॉनची ५०० मिलिमीटर एफ-५.६ पीएफ फक्त १.४६ किलोची. एफचा आकडा जितका लहान तितका लेन्स उजेड जास्त घेते, त्या बाबतीत या लेन्स एका पंक्तीत बसत नाहीत हे मला मान्य आहे. पण जी लेन्स तिसऱ्या तासाला उचलवत नाही तिचा एफ-४ काय कामाचा? जीपमधून किंवा लपणात (आडोशाच्या जागी) बसून फोटो काढणाऱ्यानं मोठी लेन्स जरूर घ्यावी. पायी फिरणाऱ्यानं घेण्याआधी ती भाड्यानं आणून दोन तास चालून बघावी.

लोंबलं की का ओढतं

भरलेली कळशी कडेवर घेतली तर अर्धा मैल चालता येतं. तीच कळशी हात लांब करून समोर धरा, मिनिटभरात हात थरथरायला लागेल. पाणी तेवढंच आहे. बदललं ते पाण्याचं आपल्या अंगापासूनचं अंतर.

आपला कणा हा तराजूच्या मधल्या खुंटीसारखा आहे. वजन पुढे असेल तर ते आपल्याला पुढे वाकवू बघतं आणि पाठीचे स्नायू मागून ओढून तोल सांभाळतात. पण हे स्नायू कण्याच्या अगदी लगत असतात, मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर. आता समजा कॅमेरा आणि लेन्स मिळून ३.३ किलो, आणि ती कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे. पुढचं अंतर मागच्याच्या आठ पट. म्हणून स्नायूंना लावावा लागणारा जोरही आठ पट, म्हणजे सुमारे २६ किलोचा. हिशेब ढोबळ आहे, हातांचं वजन तर यात धरलेलंच नाही, पण गोष्ट खरी आहे. लेन्स समोर धरून उभं राहणाऱ्याची कंबर का दुखते याचं उत्तर या आठ पटीत आहे. कोपर बरगडीला टेकवून फोटो काढा म्हणतात, ते फोटो हलू नये म्हणून. त्याचा दुसरा फायदा असा की चाळीसचं अंतर पंचवीस-तिसावर येतं.

एका खांद्यावर लटकवलं की हेच गणित आडवं होतं. वजन उजवीकडे, म्हणून शरीर नकळत डावीकडे कलतं. शिवाय पट्टा घसरू नये म्हणून उजवा खांदा आपण किंचित वर उचलून धरतो, तासन्‌तास. मान आणि खांद्याच्या मधला जो स्नायू संध्याकाळी दगडासारखा होतो, तो या उचलून धरण्यानं. त्याहून नाजूक भाग गळपट्टीच्या हाडाशी आहे. मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा या हाडाच्या आणि पहिल्या बरगडीच्या मधून जातो. पट्ट्याचा दाब तिथे पडत राहिला, खांदा खाली ओढला जात राहिला, की हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, पकड जाते. पाठीवर जड बोजा घेऊन लांब चालणाऱ्या सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये हा त्रास डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. बहुतेक वेळा ओझं उतरवल्यावर थोड्या वेळात बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशीही हातात जोर नसेल, हात वर उचलताना अडत असेल किंवा पाठीवरचं फऱ्याचं हाड पंखासारखं बाहेर आलेलं दिसत असेल, तर बाम चोळत बसू नये. सरळ हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांकडे जावं. माझी बोटं चार दिवसांनी पूर्ववत झाली. त्या चार दिवसांत मी बरीच घाबरले होते.

आणि लोंबतं ओझं नुसतं लोंबत नाही, ते झोके घेतं. प्रत्येक पावलाला लेन्स पुढे जाते, मागे येते, मांडीवर आपटते. दगडावरून खाली पाय टाकला की झोक्याला हिसका बसतो आणि त्या क्षणी तीन किलोची लेन्स बरीच जास्त जड होते. तोल जातो तो बहुतेक अशाच हिसक्यात.

चुंबळ आणि कंबरपट्टा

माझी आजी करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी शेतातून उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन यायची. डोक्यावर लुगड्याच्या जुन्या धडप्याची चुंबळ, त्यावर भारा, आणि मान इतकी सरळ की बघणाऱ्याला ओझं जाणवू नये. भारा बरोबर कण्याच्या वर असायचा. पुढे-मागे अंतरच नाही, म्हणून स्नायूंना ओढाताण नाही, वजन हाडावरून हाडावर खाली उतरत जायचं. आपल्याला कॅमेरा डोक्यावर घ्यायचा नाही, पण तत्त्व तेच ठेवायचं आहे. वजन कण्याच्या जवळ आणायचं आणि हाडावर टेकवायचं. ते हाड म्हणजे कंबरेचं.

हात कंबरेवर ठेवून उभं राहिलं की दोन्ही बाजूंना हाडाची कड हाताला लागते. चांगल्या बॅगेचा जाड कंबरपट्टा या कडेवर बसला पाहिजे. कडेच्या वर पोटावर नाही, खाली कुल्ह्यावर नाही. तसा बसला तर वजनाचा मोठा वाटा खांद्यांवरून उतरून थेट पायांवर जातो, आणि शरीरात ओझं वाहायला पायांइतकं तयार काहीच नाही.

बॅग घालण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि जवळपास सगळे तो उलटा करतात. सगळे पट्टे सैल करून बॅग अंगावर घ्यावी. थोडं पुढे वाकून, खांदे उचलून, आधी कंबरपट्टा हाडाच्या कडेवर आणून आवळावा. मग खांद्याचे पट्टे ओढावेत, पण नुसते अंगाला टेकतील इतकेच. मग खांद्याच्या वर, बॅगेच्या डोक्याकडे जाणाऱ्या दोन छोट्या दोऱ्या असतात, त्या ओढल्या की बॅगेचा वरचा भाग पाठीकडे येतो. शेवटी छातीवरची क्लिप, श्वास मोकळा राहील अशी. सगळं झाल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घालून बघा. बोट सहज सरकलं तर वजन कंबरेवर आलं आहे. बोट दाबलं जात असेल तर कंबरपट्टा शोभेचा आहे.

शोभेचेच कंबरपट्टे बाजारात जास्त मिळतात, हे सांगायला हवं. कॅमेऱ्याच्या पुष्कळ बॅगांना नुसती दोन बोटं रुंद नायलॉनची पट्टी असते. ती बॅग डुलू नये म्हणून असते, वजन घ्यायला नाही. मी शेवटी ट्रेकची बॅग घेतली आणि तिच्यात कॅमेऱ्याचा स्पंजचा वेगळा खोका ठेवला. दिसायला साधी, पण पाठीला सोन्यासारखी.

बाईमाणसांनी आणि कमी उंचीच्या सगळ्यांनी एक माप जरूर घ्यावं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक टपोरं हाड हाताला लागतं. तिथून कंबरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत शिलाईच्या टेपनं मोजायचं. पाठीची ही लांबी कळली की बॅग निवडणं सोपं जातं, कारण बॅगेची उंची आपल्या उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर बसते. माझी पाठ आखूड आहे. लांब पाठीसाठी केलेली बॅग मी दोन वर्षं वापरली, तिचा कंबरपट्टा कायम माझ्या मांड्यांच्या सांध्यावर यायचा आणि पट्टा आवळला की मांडीची बाहेरची बाजू चुरचुरायची, बधिर व्हायची. ती नस पट्ट्याखाली दबत होती. पाठीची पट्टी वर-खाली करता येणारी बॅग मिळते, ती घ्यावी. दुकानात रिकामी बॅग घालून काहीच कळत नाही. आपलं सामान सोबत न्यावं, भरावं आणि दुकानाचा जिना दोनदा चढून-उतरून बघावा.

भरतानाही मामांचंच सूत्र. सगळ्यात जड वस्तू, म्हणजे लेन्स, पाठीच्या अगदी लगत आणि फऱ्यांच्या आसपासच्या उंचीवर. हलकं सामान बाहेरच्या बाजूला. ट्रायपॉड बॅगेच्या मागच्या बाजूला बांधला की तो सगळ्यात लांब जातो आणि आपल्याला मागे ओढतो, त्याला उत्तर म्हणून आपण पुढे वाकून चालतो. तो एका बाजूला बांधावा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली. पाणी पीत जाल तशी ती बाजू हलकी होते, म्हणून दोन लहान बाटल्या बऱ्या.

पाव इंची स्क्रू

मोठी लेन्स लावलेली असताना कॅमेऱ्याच्या कड्यांना पट्टा लावून सगळं लटकवू नये. अशा वेळी लेन्सचं सारं वजन कॅमेरा आणि लेन्स जिथे जुळतात त्या धातूच्या कड्यावर पडतं. लेन्सला स्वतःची कडी असतात किंवा खाली पाय असतो, पट्टा तिथे लावायचा. हातात धरतानाही लेन्सच्या पायाला मूठ करून धरायचं आणि कॅमेरा पाहुण्यासारखा मागे येऊ द्यायचा.

एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेशी येणारा तिरका पट्टा वापरणाऱ्यांसाठी थोडं जवळून सांगते. हा पट्टा लेन्सच्या पायात बसवलेल्या एका पाव इंची स्क्रूवर टांगलेला असतो. चालताना लेन्स डुलते, डुलताना ती स्क्रूभोवती किंचित फिरते, आणि हजारो पावलांत ते किंचित फिरणं साठत जातं. स्क्रू सैल होतो तेव्हा आवाज होत नाही, हाताला काही जाणवत नाही. पन्हाळ्याहून मसाई पठाराकडे जाताना माझी लेन्स अशीच सुटली. ती गवतावर पडली म्हणून वाचली. दोन पावलं पुढे जांभ्याचा उघडा कातळ होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट करते. स्क्रू पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावरून लेन्सच्या पायावर जाईल अशी लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढायची. वाळली की काम झालं. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, फक्त खाली बघायचं. दर विसाव्याला मी पाणी पिण्याआधी रेघ बघते. शिवाय एक पातळ, मजबूत दोरी स्क्रूशी संबंध नसलेल्या ठिकाणी, लेन्सच्या कड्यापासून पट्ट्यापर्यंत वेगळी बांधलेली असते. स्क्रू गेला तरी दोरी राहते. लेन्सच्या पायाखाली लावून ट्रायपॉडच्या क्लॅम्पमध्ये बसवायच्या प्लेटला दोन्ही टोकांना बारीक अडवे स्क्रू मिळतात, क्लॅम्प सैल झाला तरी प्लेट घसरून बाहेर येऊ नये म्हणून. खोक्यातून आलेले हे इवले स्क्रू लोक फेकून देतात. कृपा करून ते लावा.

लेन्स लावलेला ट्रायपॉड तसाच खांद्यावर टाकून चालायची पद्धत मला अजिबात आवडत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी निघते तेव्हा ती धरणारा एकटा नसतो, उंच काठीचा तोल जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी दोऱ्या ताणून माणसं चालतात. कारण उंच वस्तूचं वजन टोकाला असलं की ती एकदा कलल्यावर धरून ठेवणं एकट्याच्या हातात राहत नाही. खांद्यावरच्या ट्रायपॉडचंही तसंच आहे. साडेतीन-चार किलो तुमच्या डोक्यामागे, दिसत नाही अशा जागी, एका क्लॅम्पच्या भरवशावर. सपाट रस्त्यावर पन्नास पावलं जायचं असेल तर ठीक. करवंदीच्या जाळीतून, खाली वाकत-वळत जाताना नाही. लेन्स काढा, बॅगेत ठेवा, एक मिनिट लागतं.

"तेवढ्यात पक्षी उडाला तर?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझा अनुभव असा की चालता-चालता मिळालेले चांगले फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे एका जागी थांबल्यावर, अर्धा तास गप्प बसल्यावर मिळाले. म्हणून मी चालण्याची वेळ आणि बघण्याची वेळ वेगळी ठेवते. चालताना लेन्स बॅगेत, पाठीला चिकटलेली. ठरलेल्या जागेच्या शंभर-दोनशे पावलं अलीकडे ती बाहेर येते, दोन्ही खांद्यांवर बसणाऱ्या हार्नेसला लागते, आणि मग मी हळू चालते. हार्नेस एका पट्ट्याहून पुष्कळ बरा, वजन दोन्हीकडे सारखं वाटतो. पण समोर लटकलेली लेन्स आपली पावलं झाकते, आणि उतारावर पाऊल न दिसणं म्हणजे पडणंच.

सडा, शेवाळ आणि उतार

राधानगरीचं अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. आज ते ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथे पायी फिरायचं तर वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या पाहिजेच. तिथली जमीन दोन प्रकारची. एक गर्द झाडीतली, पाचोळ्यानं झाकलेली, खाली मुळं असलेली वाट. दुसरा सडा, म्हणजे उघडा जांभा कातळ, उन्हाळ्यात तापलेला आणि पावसाळ्यानंतर शेवाळानं काळाभोर. सड्यावर काळा चकाकणारा भाग दिसला की त्याला बगल द्यावी, खरबरीत तांबड्या भागावर पाय टाकावा. पावलं लहान ठेवावीत, टाच आपटून नाही तर पूर्ण तळवा टेकवून.

चढताना दम लागतो, म्हणून सगळ्यांना चढाची भीती. इजा मात्र उतारावर होते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला धरून ठेवतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो, आणि पाठीवरचा प्रत्येक किलो त्या ब्रेकवर येतो. त्यात उतार येतो सकाळ संपताना, पाय थकल्यावर, मेमरी कार्ड भरल्यावर, लक्ष कॅमेऱ्याच्या पडद्यावर असताना. म्हणून माझा एक नियम कधीच मोडत नाही. उताराला लागायच्या आधी सगळं बॅगेत जातं, पट्टे पुन्हा आवळले जातात आणि दोन्ही हात मोकळे होतात. हातात असते ती फक्त काठी. पडायला झालं की माणूस आपोआप हातातली लेन्स वाचवायला जातो आणि कोपर किंवा मनगट मोडून घेतो. हातात काही नसेल तर हात अंगाला वाचवतात.

काठी म्हणून मोनोपॉड वापरणारे आहेत. त्याच्या नळ्या पिळून किंवा खटक्यानं आवळलेल्या असतात, अंगाचा भार अचानक आला की काही मोनोपॉड आत सरकतात. घरी पूर्ण वजन टाकून बघितलेला असेल तरच त्यावर विसंबावं. नाहीतर वाडीत मिळणारी छातीएवढी बांबूची काठी त्याहून भरवशाची.

ओढा ओलांडताना कंबरेची आणि छातीची क्लिप काढून ठेवावी. पाय घसरून पाण्यात पडलात तर भरलेली बॅग उठू देत नाही, ती झटकन अंगावरून निघाली पाहिजे. बॅगेतल्या लाखाच्या लेन्सचा विचार त्या क्षणी मनात येऊ नये, म्हणून तो काठावरच करून घ्यावा. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढीचं असेल तर ओलांडायचंच नाही.

गव्याबद्दलही लिहायला हवं. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. बारा किलो पाठीवर घेऊन त्याच्यापुढे पळता येत नाही, आणि तसंही पळू नये. अंतर आधीपासून ठेवायचं. त्यानं मान वर करून बघायला सुरुवात केली, फुरफुरला, की फोटो पुरे. पाठ न दाखवता हळू मागे सरायचं आणि मधे जाड झाड घ्यायचं. ट्रायपॉड रोवून, त्यात अडकून बसलेला माणूस हे करू शकत नाही. पायी असताना गव्यासाठी ट्रायपॉड लावूच नये असं माझं मत आहे. आणि बॅग खाली ठेवताना, उचलताना, दगडामागे हात घालताना आधी काठीनं बघून घ्यावं. कातळाच्या फटीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं.

उचलणं, उतरवणं, अंग तयार करणं

पाठीत उसण भरते ती बरेचदा चालताना नाही, बॅग उचलताना. जमिनीवरची बॅग कंबरेत वाकून, अंगाला पिळा देत एका झटक्यात पाठीवर टाकली की झालं. त्याऐवजी बॅगेजवळ जाऊन गुडघ्यात बसा, बॅग आधी मांडीवर घ्या, एक हात पट्ट्यात घाला, मग उभं राहत दुसरा. रस्त्याचा कठडा, कमरेएवढा दगड, जीपचा मागचा फळा मिळाला तर बॅग त्यावर ठेवून पाठ लावायची. विसाव्यालाही अशीच उंच जागा शोधा, तासाला एकदा तरी पट्टे सोडून पाच मिनिटं पाठ मोकळी करा.

अंग तयार करायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. तालमीतली साधी बैठक ही उतारासाठी लागणाऱ्या मांड्यांची नेमकी तयारी आहे. पाठीला आणि खांद्यांना जोर, म्हणजे दंड. बैठक घालताना हळू खाली जायचं, तीन आकडे मोजत, कारण उतारावर लागतो तो खाली जातानाचा आवर. घरात एक पायरी पुरते: एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवायची आणि वर यायचं, प्रत्येक पायाला दहा वेळा. सहा-आठ आठवडे. गुडघा आधीच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. मग बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून, रंकाळ्याभोवती सकाळची फेरी. पहिल्या आठवड्यात चार किलो, नंतर दर आठवड्याला एकेक वाढवत. जमतंय असं वाटलं की जोतिबाच्या पायऱ्या. पाण्याच्या बाटल्या घेण्याचं कारण असं की वर पोचल्यावर त्रास वाटला तर पाणी ओतून हलकं होऊन उतरता येतं.

गाडीचा प्रवास यातून सुटत नाही. पहाटे कोल्हापुरातून राधानगरीला मोटारसायकलवर निघताना भरलेली बॅग पाठीवर घेऊन बसलात, तर खड्ड्यांचा प्रत्येक धक्का कण्यात जातो आणि चालायला सुरुवात होण्याआधीच पाठ थकते. बॅगेचा तळ मागच्या सीटवर टेकेल इतके खांद्याचे पट्टे सैल करा, म्हणजे वजन गाडी घेईल. मागे कुणी बसणार असेल तर बॅग दोघांच्या मधे. एसटीत वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या.

पाऊस लागला तर बॅगेचा स्पंज पाणी पितो, आणि परतीच्या वाटेवर तीच बॅग जड लागते. वरून प्लॅस्टिकचं आवरण चढवलं तरी पाठीकडच्या बाजूनं पाणी झिरपतं, म्हणून आतला खोका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड पिळून बंद करावं. घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवायची, सगळे पट्टे सैल सोडायचे, शिवणीवरून बोट फिरवून कुठे धागा सुटलाय का ते बघायचं. लेन्स कोरड्या कापडावर आडवी ठेवायची, आणि झोपण्याआधी तिच्या पायावरची लाल रेघ सरळ आहे ना, तेवढं बघून घ्यायचं.